आल्प्समधील हिमस्खलनविचार : लोकस्मृतीपासून संभाव्यतेपर्यंत

उंच पर्वतावरील हिमाच्छादित उतार एखाद्या विशिष्ट दिवशी कोसळेल की नाही, हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या कक्षेतील आहे. त्याच उतारावर पाऊल टाकावे की नाही, हा प्रश्न मात्र निराळा आहे. पहिल्याचे उत्तर निसर्गात शोधावयाचे असते, दुसऱ्याचे मनुष्याच्या विवेकात. हे दोन प्रश्न दीर्घकाळ एकच मानले गेले. पहिला सुटला की दुसरा आपोआप सुटेल, अशी अभ्यासकांची व गिर्यारोहकांची सारखीच समजूत होती. हिवाळ्यात स्की लावून निर्मनुष्य उतारांवर संचार करणाऱ्यांच्या अनुभवातून, आणि मुख्यतः त्यांच्या अपघातांतून, ही समजूत हळूहळू मोडत गेली. तिला लागलेला सुमारे शंभर वर्षांचा काळ हा येथे विवेचनाचा विषय आहे.

१. स्थानबद्ध ज्ञान

हिमस्खलनाचे भान आल्प्समध्ये फार प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभीच्या काळात ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो याने या पर्वतांचे वर्णन करताना, वाटसरूंचे तांडेच्या तांडे दरीत लोटणाऱ्या हिमराशींचा उल्लेख केला आहे. त्यातील एक तपशील विशेष लक्षणीय आहे. हिमाचे थर एकावर एक साचतात आणि वरचे थर खालच्यांपासून सहज सुटतात, असे तो सांगतो. विसाव्या शतकातील संशोधनाचा जो गाभा ठरला, त्याची ही पुसट चाहूलच म्हणावी लागेल. पुढे १५७४ मध्ये झुरिचचा विद्वान योसियास सिमलर याने आल्प्सवरील आपल्या ग्रंथात हिमस्खलनांचा व वाटसरूंनी घ्यावयाच्या खबरदारीचा विचार केला.

परंतु पर्वतवासीयांचे खरे ज्ञान ग्रंथांत नव्हते. ते गावाच्या रचनेत, वहिवाटीत आणि निर्बंधांत साठविलेले होते. स्वित्झर्लंडमधील उर्सेरन खोऱ्यातील आंडरमाट या गावाने १३९७ मध्ये गावाच्या माथ्यावरील वनाला हात लावण्यास बंदी करणारा लेख केला. हे वन उतारावरील हिम धरून ठेवते, ते तोडले तर गाव उघडे पडेल, ही जाणीव त्या बंदीमागे होती. दाव्होसजवळील फ्राउएनकिर्ख येथील देवालयाची उताराकडील भिंत नावेच्या नाळेसारखी निमुळती बांधलेली आहे. वरून येणारा लोट दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा, हा त्यातील हेतू होय.

या ज्ञानाला शास्त्रीय नोंदीचे रूप देण्याचे श्रेय योहान कोआत्स याच्याकडे जाते. हा स्वित्झर्लंडच्या संघशासनाचा मुख्य वनाधिकारी होता. स्विस आल्प्समधील हिमस्खलनांवरचा त्याचा ग्रंथ १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांची आकडेवारी व प्रतिबंधक बांधकामे यांवरचा दुसरा ग्रंथ १९१० मध्ये. लोट कोठून सुटतो, कोणत्या वाटेने येतो, कोठे थांबतो, याची खोऱ्यागणिक नोंद त्याने वनकर्मचाऱ्यांच्या साहाय्याने घडवून आणली. तथापि कोआत्सचे ज्ञानही मूलतः ग्रामस्थांच्याच जातीचे होते. स्खलनाची वाट ठरलेली असते, ती ओळखावी आणि टाळावी, अथवा तिच्यावर बांध घालावेत, हे त्याचे सूत्र होते. जे एका ठिकाणी स्थिर राहतात त्यांच्यासाठी ते पुरेसे होते.

२. स्कीवरील प्रवासी

फ्रिटयॉफ नान्सेन याने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड पार केले. त्या सफरीच्या वृत्तांताने मध्य युरोपात स्कीचे वेड पसरविले. माथियास झ्दार्स्की याने ऑस्ट्रियातील लिलिएनफेल्ड येथे तीव्र उतारांना योग्य असे तंत्र सिद्ध केले. १८९७ च्या जानेवारीत विल्हेल्म पाउल्के आणि त्याचे सहकारी यांनी स्कीवरून बर्नीज ओबरलँड हा हिमनद्यांचा प्रदेश पार केला. ज्या उंचीवर हिवाळ्यात पूर्वी कोणी जात नसे, तेथे मनुष्याचा संचार सुरू झाला.

या घटनेचे दोन परिणाम झाले. एक असा की, लोकस्मृती निरुपयोगी ठरली. ज्या उताराकडे हिवाळ्यात कधी कोणी फिरकलेच नव्हते, त्याविषयी गावातील वृद्ध काय सांगणार? दुसरा परिणाम अधिक मूलगामी होता. गावावर येणारा लोट नैसर्गिकरीत्या सुटलेला असतो, परंतु स्की करणाऱ्याला गाडणारा लोट बहुधा त्याच्या स्वतःच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या भाराने सुटतो. अशा दहा अपघातांपैकी सुमारे नऊ अपघात याच प्रकारचे असतात, असे पुढील काळातील नोंदींवरून दिसून आले. म्हणजे येथे संकट बाहेरून कोसळत नाही. मनुष्याची उपस्थिती हेच त्याचे एक कारण बनते. हिमस्खलन टाळणे याचा अर्थ यापुढे केवळ निसर्गाचा अंदाज घेणे असा उरला नाही. स्वतःच्या वर्तनाचा विचारही त्यात आला.

हा बदल त्या काळी कोणाच्या ध्यानात आला असेल असे वाटत नाही. पहिल्या महायुद्धाने तर संकटाची केवळ विशालता दाखविली. इटली व ऑस्ट्रिया-हंगेरी यांची सैन्ये आल्प्सच्या शिखरांवर एकमेकांसमोर उभी ठाकली होती. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलाडा पर्वतावरील ऑस्ट्रियन छावणीवर लोट कोसळून अडीचशेहून अधिक सैनिक एकाच वेळी मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला, सैन्याचा हिमस्खलनविषयक तज्ज्ञ म्हणून काम करीत असलेला झ्दार्स्की स्वतः एका लोटाखाली सापडला. तो वाचला, परंतु त्याच्या शरीरात सुमारे ऐंशी ठिकाणी हाडे मोडली वा सांधे निखळले. त्या वेळी त्याचे वय साठ वर्षांचे होते आणि या विषयात त्याच्याइतका अधिकारी पुरुष क्वचितच दुसरा कोणी असेल. या अपघाताचा अर्थ दुर्दैव असाच लावला गेला. जाणकारही फसतो ही गोष्ट सिद्धान्ताच्या पातळीवर मांडली जाण्यास आणखी कित्येक दशके लागावयाची होती.

३. हिमाचे शास्त्र

दोन महायुद्धांमधील काळात संशोधकांची दृष्टी उतारावरून हिमाच्या अंतरंगाकडे वळली. पाउल्के हा व्यवसायाने भूगर्भशास्त्रज्ञ होता. खडकांचे थर वाचावेत तसे त्याने हिमाचे थर वाचले आणि १९३८ मध्ये हिम व हिमस्खलन यांवरील व्यावहारिक ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वित्झर्लंडमध्ये १९३१ साली हिम व हिमस्खलन यांच्या संशोधनासाठी एक आयोग नेमला गेला. दाव्होसच्या वर, सुमारे २,६६० मीटर उंचीवरील व्हाइसफ्लूयोख येथे लहानशा प्रयोगशाळेतून कामास आरंभ झाला. स्फटिकशास्त्र, मृदायांत्रिकी व हवामानशास्त्र यांचे अभ्यासक तेथे एकत्र आले. त्यांपैकी रोबेर्ट हेफेली हा मूळचा मृदायांत्रिकीचा अभियंता. या मंडळींनी १९३९ मध्ये हिम व त्याचे रूपांतरण या विषयावर जो संयुक्त ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या शास्त्राचा पायाच ठरला. १९४२ मध्ये तेथे संघशासनाची संशोधनसंस्था स्थापन झाली.

या संशोधनाचा मुख्य निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. जमिनीवर पडलेले हिम स्थिर पदार्थ नसते. जमिनीलगत त्याचे तापमान शून्य अंशाच्या आसपास असते, तर पृष्ठभाग रात्रीच्या थंडीत फार खाली जातो. आवरण पातळ असेल तर हा फरक थोड्या उंचीत सामावतो. मग खालची वाफ वर सरकते आणि आतील कण पैलूदार, साखरेच्या दाण्यांसारखे सुटे होतात. या दुबळ्या थरावर पुढे वाऱ्याने आणलेले हिम घट्ट पाटासारखे साचले की रचना पूर्ण होते. वरचा पाट एकसंध असतो आणि त्याखालच्या थरात मात्र एकमेकांना धरून ठेवण्याची शक्ती नसते. स्कीच्या भाराने त्या थरात फट पडली की ती क्षणार्धात दूरवर धावते. उतार तीस अंशांहून अधिक असेल तर सबंध पाट एकदम सुटतो. थोडे हिम म्हणजे थोडे भय, ही सामान्य समजूत यामुळे खोटी ठरली. हिवाळ्याच्या आरंभीचे पातळ आवरणच पुढील अनेक आठवड्यांच्या संकटाचे बीज असू शकते.

हेफेलीच्या गटाने टोकदार शलाका वजनाच्या आघातांनी हिमात ठोकून प्रत्येक थराचा प्रतिकार मोजण्याचे साधन तयार केले. हिम आता मोजता येऊ लागले. महायुद्धाच्या काळात सैन्याने चालविलेले सूचनाकार्य १९४५ पासून संस्थेकडे आले आणि नागरिकांसाठी हिमस्खलनाची पत्रके निघू लागली. १९५०-५१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये ९८ आणि ऑस्ट्रियात १३५ माणसे हिमस्खलनात दगावली. ज्या आंडरमाटने साडेपाच शतकांपूर्वी वनरक्षणाचा लेख केला होता, तेथेही १३ जण मृत्यू पावले. या आपत्तीनंतर स्खलनरोधक बांधकामे व धोक्याच्या क्षेत्रांचे नकाशे यांना मोठी चालना मिळाली. वस्तीपुरते पाहता हा मार्ग यशस्वी झाला. १९९९ च्या फेब्रुवारीत तितक्याच भीषण हिमवर्षावात स्वित्झर्लंडमधील मृतांची संख्या १७ वर राहिली, जरी त्याच महिन्यात ऑस्ट्रियातील गाल्ट्यूर परिसरात ३८ जण दगावले. पर्वतात स्वेच्छेने जाणाऱ्यांचा प्रश्न मात्र या बांधांनी व नकाशांनी सुटण्यासारखा नव्हता.

४. खड्ड्याची मर्यादा

शास्त्राने स्की करणाऱ्याच्या हाती जे साधन दिले, ते म्हणजे हिमात खणलेला खड्डा. उतारावर खड्डा खणावा, थर तपासावेत, दुबळा थर शोधावा आणि त्याची कसोटी घ्यावी. यांतील प्रसिद्ध कसोटीत सुमारे दोन मीटर रुंद व दीड मीटर लांब असा हिमाचा ठोकळा चारही बाजूंनी सुटा करून त्यावर स्कीसह प्रथम उभे राहावयाचे व मग उड्या मारावयाच्या. कितव्या पायरीला तो सुटतो, यावरून उताराची स्थिरता ठरवावयाची. स्विस सैन्यात रूढ झालेली ही रीत १९८० नंतरच्या दशकात पद्धतशीरपणे अभ्यासली गेली.

या रीतीमागे एक गृहीतक दडलेले होते. खड्ड्यात जे दिसते तेच सबंध उतारावर असते, असे ते गृहीतक होय. १९८४ मध्ये हॉवर्ड कॉनवे व जॉन अब्राहमसन यांनी एकाच उतारावर अनेक ठिकाणी मापे घेऊन ते तपासले, तेव्हा थोड्याथोड्या अंतरावर हिमाच्या बळकटीत मोठा फरक आढळून आला. वारा, खडक, झुडपे, उताराचे बारीक वळण या सर्वांमुळे आवरण ठिकठिकाणी निराळे होते. एका जागी ठोकळा टिकला म्हणून वीस पावलांवर तो टिकेलच असे नाही. यापुढील संशोधनाने हा फरक नेमका किती व कोणत्या अंतरावर, याविषयी मतभेद नोंदविले. खड्डा निरर्थक आहे असा निष्कर्ष मात्र कोणी काढला नाही. दुबळा थर आढळणे हा माघारी फिरण्याचा सबळ पुरावा आहे. तो न आढळणे हा पुढे जाण्याचा परवाना नव्हे. साधनाचे प्रामाण्य असे एकाच दिशेने चालते, ही गोष्ट या काळात स्पष्ट झाली.

५. मुंटरचा प्रस्ताव

अशा वेळी व्हेर्नर मुंटर या स्विस मार्गदर्शकाने प्रश्नच बदलून टाकला. एप्रिल १९९३ मध्ये युरोपातील सूचनासंस्थांनी धोक्याची पाच पायऱ्यांची सामायिक श्रेणी मान्य केली होती : अल्प, मध्यम, लक्षणीय, मोठा व अतिमोठा. मुंटरने या श्रेणीला जुन्या अपघातांच्या नोंदींची जोड दिली. एखादा उतार सुटेल की नाही हे निश्चितपणे सांगता येत नसेल, तर कोणत्या परिस्थितीत अपघात अधिक घडले याचा हिशेब करून जोखीम मर्यादेत ठेवावी, असे त्याचे म्हणणे होते.

त्याची रीत अंकगणिताइतकी साधी आहे. अल्प धोक्याला २, मध्यमाला ४ व लक्षणीयाला ८ असा अंक द्यावयाचा आणि खबरदारीच्या अंकांच्या गुणाकाराने त्याला भागावयाचे. भागाकार १ किंवा त्याहून कमी आला तर जोखीम स्वीकारार्ह. समजा, पत्रकात लक्षणीय धोका सांगितला आहे. मार्गातील सर्वांत तीव्र भाग ३० ते ३४ अंशांचा असेल तर त्याबद्दल ४, आणि दोन ते चार जणांचा लहान गट परस्परांत अंतर ठेवून जात असेल तर त्याबद्दल ३. गुणाकार १२ होतो. आठाला बारांनी भागले असता भागाकार सुमारे ०.६७ येतो, म्हणून जाण्यास हरकत नाही. तोच उतार ३५ ते ३९ अंशांचा असेल तर त्याबद्दल फक्त २ मिळतात. भागाकार १ हून अधिक होतो आणि मार्ग बदलावा लागतो. याखेरीज प्रदेश, परिसर व प्रत्यक्ष उतार या तीन टप्प्यांवर हवामान व हिम, भूरचना आणि माणसे या तीन अंगांची तपासणी करण्याची नऊ चौकटींची पद्धत त्याने रूढ केली. त्यातील तिसरे अंग, म्हणजे माणसे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. निर्णय घेणारा स्वतःच तपासणीचा विषय झाला.

या प्रस्तावावर टीका झाली, आणि ती दुर्लक्षणीय नव्हती. पत्रकातील श्रेणी विस्तृत प्रदेशासाठी असते, एका उतारासाठी नव्हे. खबरदारीचे अंक परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे मानून त्यांचा गुणाकार करणे तर्कदृष्ट्या शंकास्पद आहे. सावलीतील उत्तराभिमुख उतार अधिक घातक हे सामान्य हिवाळ्यात खरे असले तरी वसंतातील ओलसर हिमाला ते लागू नाही. शिवाय, आकडेमोड शिकलेला मनुष्य डोळ्यांनी पाहणे सोडून देईल, अशी भीती अनुभवी मार्गदर्शकांना वाटली. तथापि टीकाकारांनीही मुंटरचे मूळ सूत्र टाकले नाही. १९९९ मध्ये ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबमध्ये पुढे आलेली थांबा-वा-जा ही पद्धत आणि त्यानंतरच्या इतर रीती यांनी उताराचा कोन व धोक्याची श्रेणी यांची सांगड कायम ठेवली. कोन प्रत्यक्ष मोजता येतो आणि तो हिमासारखा रातोरात बदलत नाही, हेच त्याचे सामर्थ्य होते.

६. अनुभवाची फसगत

मुंटरच्या पद्धतीला विरोध करणाऱ्यांचा मुख्य आधार अनुभव हा होता. त्या अनुभवाचीच परीक्षा पुढील काळात झाली. अमेरिकेतील इयन मॅकॅमन याने १९७२ ते २००३ या काळातील ७१५ अपघातांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. धोक्याची उघड चिन्हे समोर असताना प्रशिक्षित मनुष्य पुढे का जातो, हा त्याचा प्रश्न होता. परिचित जागा, आधी ठरविलेला बेत न सोडण्याची वृत्ती, गटातील एखाद्या जाणकारावरील भार, इतरांच्या नजरेत उतरण्याची भीती, अस्पर्श हिमाचे आकर्षण, आसपासच्या गटांची उपस्थिती, अशा दैनंदिन व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या सवयी येथे सापळा बनतात, असे त्याने दाखविले. त्यातील एक निष्कर्ष विशेष अस्वस्थ करणारा आहे. परिचित प्रदेशात उच्च प्रशिक्षण घेतलेल्या गटांनी पत्करलेला धोका अप्रशिक्षितांहून फारसा कमी नव्हता.

याचे कारण शिकण्याच्या प्रक्रियेतच आहे. सुतार चुकला तर सांधा लगेच बसत नाही आणि चूक कळते. हिमाच्या उताराचे तसे नाही. धोकादायक उतारही बहुतेक वेळा सुटत नाही. तो पार करून आलेला मनुष्य आपला निर्णय अचूक होता असे समजतो, वस्तुतः तो केवळ सुदैवी असतो. अशा शंभर सफरी म्हणजे शंभर धडे नव्हेत. कदाचित ती एकच चूक शंभर वेळा दृढ झालेली असते. अनुभवाने आत्मविश्वास वाढतो, पण त्या प्रमाणात ज्ञान वाढतेच असे नाही. झ्दार्स्कीच्या १९१६ मधील अपघाताला जे सिद्धान्तरूप मिळावयाचे राहिले होते, ते येथे मिळाले.

बचावाच्या साधनांनी हा प्रश्न सुटेल ही आशाही मर्यादितच ठरली. गाडलेल्याचा शोध घेणारे रेडिओयंत्र जॉन लॉटन याने १९६८ मध्ये व्यवहारात आणले, आणि १९८६ मध्ये त्यासाठी ४५७ किलोहर्ट्झ ही सामायिक वारंवारता स्वीकारली गेली. परंतु १९९४ मध्ये स्वित्झर्लंडमधील नोंदींवरून जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार गाडल्यापासून १५ मिनिटांपर्यंत ९२ टक्के लोक जिवंत असतात आणि ३५ मिनिटांनंतर केवळ ३० टक्के. बाहेरची मदत येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. जो काही उपाय आहे तो सोबत्यांच्या हातात, आणि त्याहून अधिक, उतारावर जाण्यापूर्वीच्या निर्णयात आहे.

७. हिमालयाचा संदर्भ

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व केवळ परकीय कुतूहलापुरते नाही. एव्हरेस्टच्या उत्तर खिंडीखाली ७ जून १९२२ रोजी ताज्या हिमाचा पाट सुटून सात भारवाहक दगावले. आल्प्समध्ये मुरलेले गिर्यारोहक त्या तुकडीबरोबर होते. तेथील अनुभव मोसमी हिमाच्या बाबतीत पुरा पडला नाही. लाहौल खोऱ्यात १९७९ च्या मार्चमध्ये झालेल्या स्खलनांत दोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. मनाली येथे १९६९ मध्ये संरक्षण संशोधन संघटनेच्या अधीन हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था स्थापन झाली होती. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेबरोबर नव्या संस्थेत विलीन झाली. पीर पंजाल, मुख्य हिमालय आणि काराकोरम या पट्ट्यांतील हिमाचा स्वभाव निरनिराळा असल्याचे या संशोधनातून दिसून आले. त्यामुळे आल्प्समधील अपघातांवर आधारलेले अंक येथे जसेच्या तसे लागू करणे हे १९२२ च्या चुकीचीच पुनरावृत्ती ठरेल. गुलमर्ग येथे २००५ मध्ये रज्जुमार्गाचा दुसरा टप्पा अफरवाटच्या उतारापर्यंत पोहोचला आणि तेथील मोकळ्या उतारांवर स्की करणे सोपे झाले. सोपे झालेले पोहोचणे आणि अवघड राहिलेला निर्णय यांतील अंतर तेथेही तेच आहे.

समारोप

या इतिहासात प्रत्येक पिढीने मागील पिढीची उणीव भरून काढली आणि स्वतःचा एक नवा अतिविश्वास निर्माण केला. ग्रामस्थाचा विश्वास स्थानावर होता, संशोधकाचा मापावर, मार्गदर्शकाचा अनुभवावर, आणि गणित करणाऱ्याचा अंकांवर. यांपैकी एकही ज्ञान खोटे नव्हते. प्रत्येकाची कक्षा मर्यादित होती आणि ती मर्यादा बहुधा मृत्यूनेच दाखवून दिली. हिम समजल्यानंतर निर्णय सोपा होईल, ही मूळ अपेक्षा फलद्रूप झाली नाही. हिम जितके अधिक समजत गेले, तितके त्याच्याविषयी नेमके काय कळू शकत नाही हे स्पष्ट होत गेले. हेही ज्ञानच होय. तीव्र उताराच्या पायथ्याशी उभा असलेला जाणता मनुष्य आज उताराकडे पाहतो, कोन मोजतो, पत्रक आठवतो आणि शेवटी स्वतःला विचारतो, की आपला अंदाज चुकला तर काय होईल? या प्रश्नाचे उत्तर सोसण्याजोगे नसेल तर तो मागे फिरतो. त्याचा निर्णय बरोबर होता की नाही, हे त्याला बहुधा कधीच कळत नाही.